लाव्हाचे मैदान आणि त्याखालच्या गुहा : वाचकांचे प्रश्न

ज्वालामुखीच्या प्रदेशात सहलीला जाण्याविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांमधून काही प्रश्न या वेळी निवडले आहेत. काही पत्रांतील मजकूर संक्षिप्त केला असून एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरांची लांबी मुद्दाम सारखी ठेवलेली नाही; गुहेत उतरण्याविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटले, तर काही प्रश्नांना थोडक्यात उत्तर पुरेसे होते.

प्रश्न : आम्ही प्रथमच लाव्हाचे मैदान असलेल्या एका राष्ट्रीय उद्यानात जाणार आहोत. तेथे जाऊन आलेले परिचित सांगतात, की जिकडेतिकडे काळा दगड आहे आणि दहा मिनिटांत सगळे पाहून होते. आम्ही पूर्ण दिवस राखून ठेवला आहे. तो वाया तर जाणार नाही ना?

उत्तर : वाया जाणार नाही, मात्र त्या काळ्या दगडात काय पाहायचे याची थोडी तयारी घरूनच करून जावी. वाहत असलेली एक वस्तू वाहता वाहता थांबली आणि तिचा प्रत्येक वळसा जसाच्या तसा राहिला, हे त्या मैदानाचे वैशिष्ट्य आहे. म्हणून तेथे पाहायची असते ती हालचाल.

सुरुवात लाव्हाच्या दोन प्रकारांपासून करावी. जगभरचे भूवैज्ञानिक त्यांना हवाई बेटांवरील नावांनीच ओळखतात : पाहोयहोय आणि आआ. पाहोयहोय लाव्हाचा पृष्ठभाग गुळगुळीत, फुगीर किंवा दोरखंडी वळ्यांचा असतो, आणि आआ लाव्हा म्हणजे धारदार, खडबडीत ढेकळांचा पसरलेला ढीग असतो. दोन्हींचे रासायनिक घटक सारखेच असू शकतात. फरक पडतो तो तापमान, वायूंचे प्रमाण आणि वाहण्याचा वेग यांमुळे. उतारावरून वेगाने जाताना लाव्हा थंड होतो, त्यातील वायू निघून जातात, तो घट्ट होतो आणि पाहोयहोयचा आआ बनतो. पण एकदा आआ झालेला लाव्हा पुन्हा पाहोयहोय होत नाही. त्यामुळे एखाद्या पायवाटेवर गुळगुळीत पृष्ठभाग संपून ढेकळे सुरू झालेली दिसली, की त्या जागी प्रवाहाचे काहीतरी बदलले होते हे आपल्याला उभ्या उभ्या ओळखता येते. दोरखंडी वळ्यांचा बाक ज्या बाजूला फुगलेला असतो, त्या बाजूला तो प्रवाह सरकत होता. एवढे एक लक्षण माहीत असले तरी लहान मुलेसुद्धा तासभर प्रवाहांच्या दिशा शोधत रमतात.

मैदानात शिरण्यापूर्वी शक्य असेल तर आधी एखाद्या उंच जागी जावे. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील ‘क्रेटर्स ऑफ द मून’ येथे इन्फर्नो कोन नावाची राखेरी खड्यांची टेकडी आहे. तिच्या माथ्यावरून पाहिले, की इतर टेकड्या विखुरलेल्या नसून एका ओळीत उभ्या आहेत हे ध्यानात येते. जमिनीला पडलेल्या ८० किलोमीटरहून लांब भेगांच्या पट्ट्यातून तेथे लाव्हा बाहेर पडला. सुमारे १५,००० वर्षांपूर्वी त्याची सुरुवात झाली आणि शेवटचे उद्रेक सुमारे २,००० वर्षांपूर्वी झाले. १९२४ मध्ये या प्रदेशाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. १९६९ च्या ऑगस्टमध्ये ॲलन शेपर्ड, एडगर मिचेल, यूजीन सर्नन आणि ज्यो एंगल या अंतराळवीरांना येथे आणले गेले होते, ते ज्वालामुखीजन्य खडक कसा न्याहाळावा आणि त्यातला कोणता नमुना महत्त्वाचा हे शिकण्यासाठी. ज्यांना चंद्रावर पाठवायचे होते त्यांनाही हे शिकावे लागले. दहा मिनिटांत सगळे पाहून होते म्हणणाऱ्यांनी बहुधा फक्त मोटारीच्या खिडकीतून पाहिले असावे.

लाव्हा किती सावकाश थंड होतो हे अनुभवायचे असेल, तर हवाईतील किलाउएआ इकी हे विवर पाहावे. १९५९ च्या उद्रेकात तेथे सुमारे १३५ मीटर खोलीचे लाव्हाचे सरोवर साचले. त्याच्या पृष्ठभागावर कवच लवकरच धरले, पण खालचा भाग पूर्णपणे घट्ट होण्यास सुमारे ३५ वर्षे लागली. आज पायवाट थेट त्या सरोवराच्या पृष्ठावरून जाते आणि भेगांमधून अजूनही वाफ येताना दिसते.

याउलट कॅनरी बेटांपैकी लान्झारोते येथे माणसांच्या लेखी आठवणीसह लाव्हा पाहता येतो. तेथे १ सप्टेंबर १७३० रोजी सुरू झालेला उद्रेक १७३६ पर्यंत चालला आणि बेटाचा सुमारे चौथा भाग लाव्हाखाली गेला. याइसा गावचे धर्मगुरू आंद्रेस लोरेन्झो कुर्बेलो यांनी त्या काळातील घडामोडींची नोंद ठेवली होती, म्हणून कोणती गावे कशी गाडली गेली हे आज आपल्याला कळते. या लाव्हाच्या प्रदेशातील तिमानफाया राष्ट्रीय उद्यानाच्या मध्यभागी पर्यटकांना मोकळे हिंडू देत नाहीत, ठरलेल्या रस्त्याने बसमधूनच नेतात. अनेकांना हे खटकते. मला ते योग्य वाटते, कारण तेथील खड्यांच्या उतारावर उमटलेले पाऊल पुसून टाकायला पाऊसही फारसा येत नाही.

प्रश्न : आम्हांला लाव्हाची गुहा पाहायची आहे. बरोबर सत्तरीतील वडील आणि नऊ वर्षांचा मुलगा असेल. या गुहा कशा तयार होतात, छत कोसळण्याचा धोका कितपत असतो आणि कोणती तयारी करावी?

उत्तर : हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, गुहा कशी झाली हे समजले, की धोका कोठे आहे हेही समजते.

बेसाल्टी लाव्हा भूपृष्ठावर येतो तेव्हा त्याचे तापमान साधारण १,१०० ते १,२०० अंश सेल्सियस असते. तो एका वाटेने वाहू लागला, की हवेच्या संपर्काने त्याचा वरचा थर थंड होतो आणि तापलेल्या दुधावर साय धरावी तसे प्रवाहावर कवच धरते. कवच जाड होत जाऊन दोन्ही काठांना जोडले गेले, की आतला लाव्हा बंद नळीतून वाहू लागतो. या आवरणामुळे त्याची उष्णता इतकी टिकते, की एका किलोमीटरच्या प्रवासात तापमान जेमतेम एखाद्या अंशाने उतरते. म्हणूनच लाव्हा उगमापासून कित्येक किलोमीटर दूर पोहोचू शकतो. ऑस्ट्रेलियातील उंदारा येथे एक प्रवाह १६० किलोमीटरहून अधिक दूर गेला, तो अशाच नळ्यांच्या आधाराने. पुढे उगमाकडून येणारा पुरवठा थांबतो, उरलेला लाव्हा उताराने निघून जातो आणि रिकामी नळी मागे राहते. तीच आपण पाहतो ती गुहा.

चुनखडीच्या गुहा पाण्याने खडक विरघळून हजारो-लाखो वर्षांत तयार होतात. लाव्हाची गुहा मात्र तिच्या भोवतालच्या खडकाएवढ्याच वयाची असते, कारण दोन्ही एकाच उद्रेकात घडलेली असतात. आत गेल्यावर भिंतींवर आडव्या रेषा आणि कट्टे दिसतात. नळीतील लाव्हाची पातळी ज्या उंचीवर काही काळ स्थिर राहिली, त्या उंचीच्या त्या खुणा होत. छतावरून लोंबणारे छोटे, चकचकीत सुळके हे आतल्या प्रचंड उष्णतेने वितळून ओघळलेल्या छताचेच थेंब आहेत. येथे एक गोष्ट प्रत्येकाने मनावर घ्यावी अशी आहे. चुनखडीच्या गुहेतील लवणस्तंभ तुटला तर पाणी झिरपत राहिल्यास काही हजार वर्षांनी तेथे पुन्हा काही वाढू शकते. लाव्हाचा सुळका तुटला तर तो पुन्हा कधीही येत नाही, कारण त्याला घडवणारी आग विझलेली आहे. आइसलँडमधील अनेक गुहांचे सुळके पर्यटकांनी आठवण म्हणून मोडून नेले, आणि १९७४ पासून त्या देशात अशा सर्व सुळक्यांना संरक्षण द्यावे लागले.

आता छताविषयी. नळीचे छत कोसळते, यात शंका नाही; किंबहुना आपण ज्या तोंडातून आत उतरतो ते बहुतेक वेळा छताचा एक भाग कोसळल्यामुळेच उघडलेले असते. परंतु दुबळे भाग मोठ्या प्रमाणात पडतात ते नळी रिकामी होताना आणि थंड होऊन आकसताना. त्यानंतर उरलेले छत पुष्कळदा फार दीर्घकाळ टिकते. पुढील काळात खडक सुटण्याची शक्यता जास्त असते ती तोंडाजवळ, आणि तेही थंड प्रदेशात, जेथे भेगांत पाणी गोठून व वितळून दगड सैल होतात. म्हणून गुहेच्या तोंडाशी घोळका करून उभे राहू नये, शिदोरी सोडायला किंवा छायाचित्र काढायला ती जागा निवडू नये, आणि भूकंपानंतर किंवा उद्यानाने बंदचा फलक लावला असताना आत जाऊ नये. एखादी गुहा बंद असेल तर त्यामागे कारण असते. तेथे हुज्जत घालण्याऐवजी दुसरी गुहा विचारावी.

प्रत्यक्षात पर्यटकांना दुखापत होते ती छत पडल्याने क्वचित, आणि आपले डोके छतावर आपटल्याने किंवा पाय मुरगळल्याने अधिक. त्यासाठी हेल्मेट असावे, हात टेकण्यासाठी जाड हातमोजे असावेत आणि गुडघे झाकलेले असावेत, कारण हा खडक कातडी सहज सोलवटतो. प्रकाशाची साधने माणशी तीन असावीत असा गुहा हिंडणाऱ्यांचा जुना दंडक आहे, आणि तो मुलालाही लागू आहे. मुख्य दिवा कपाळावर बांधण्याचा असावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाइलचा दिवा या तिनांत धरू नये. गुहेला फाटे असतील तर प्रत्येक फाट्याशी थांबून मागे वळून पाहावे, कारण परतीच्या दिशेने तीच जागा ओळखू येत नाही. एकट्याने जाऊ नये, आणि आपण कोणत्या गुहेत जात आहोत व किती वाजेपर्यंत बाहेर येऊ हे बाहेरच्या कोणालातरी सांगून ठेवावे. फारसे श्रम न करताही धाप लागू लागली किंवा डोके जड झाले, तर कारण शोधत न बसता सर्वांनी बाहेर यावे. काही गुहांच्या सखल भागात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

बाहेर कितीही ऊन असले तरी आत थंडी असते. काही गुहांत तर भर उन्हाळ्यातही बर्फ आढळतो, कारण हिवाळ्यातील जड, थंड हवा खाली उतरून तेथेच अडकून राहते. कॅलिफोर्नियातील ‘लाव्हा बेड्स’ येथील स्कल केव्हच्या तळाशी असा बर्फ आहे. तेव्हा एक गरम कपडा प्रत्येकाजवळ हवाच.

वडील आणि मुलगा बरोबर असताना पहिली गुहा पायऱ्या आणि दिव्यांची सोय असलेली निवडावी. हवाईतील नाहुकू ही सुमारे ५०० वर्षांपूर्वीची नळी अशीच सोपी आहे. लान्झारोतेतील क्वेवा दे लोस व्हेर्देस येथे वाटाड्या बरोबर असतो. समुद्री चाच्यांचे हल्ले होत तेव्हा बेटावरील लोक तेथे लपत असत, आणि ही गोष्ट ऐकून मुले त्या भुयाराकडे वेगळ्याच नजरेने पाहतात. दक्षिण कोरियातील जेजू बेटावर मानजांगगुल ही सात किलोमीटरहून लांब गुहा आहे. त्यातील सुमारे एक किलोमीटरचाच भाग पर्यटकांसाठी राखलेला आहे आणि त्याच्या टोकाला छतातून ओघळलेल्या लाव्हाचा ७.६ मीटर उंचीचा स्तंभ उभा आहे. सरपटत जावे लागणाऱ्या गुहा पुढच्या वेळेसाठी ठेवाव्यात. वडिलांना मध्येच थांबावेसे वाटले तर त्यांच्यासोबत एक जण परत येईल, हे आत शिरण्याआधीच ठरवावे.

प्रश्न : अमेरिकेतील एका उद्यानात गुहेत जाण्याचा परवाना घेताना कर्मचाऱ्याने आम्हांला विचारले, की पूर्वी कधी दुसऱ्या गुहेत किंवा खाणीत गेला होतात का, आणि आज अंगावर तेच कपडे, बूट किंवा कॅमेरा आहे का. माझ्या पत्नीचे बूट तसे असल्याने तिला ते बदलावे लागले. एवढी कडक तपासणी कशासाठी?

उत्तर : वटवाघळांसाठी. २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळे प्रथम आढळली. या रोगाला ‘व्हाइट नोज सिंड्रोम’ म्हणतात. ही बुरशी थंड, दमट जागी वाढते, म्हणजे जेथे वटवाघळे हिवाळाभर निद्रेत असतात नेमक्या तेथेच. तिच्या त्रासाने ती पुन्हा पुन्हा जागी होतात, हिवाळ्यासाठी साठवलेली चरबी वेळेआधीच संपते आणि बाहेर कीटक नसताना ती उपासमारीने मरतात. उत्तर अमेरिकेत आजवर लक्षावधी वटवाघळे अशी मेली आहेत. सुरुवातीला हा रोग त्या खंडाच्या पूर्व भागातच होता, परंतु २०१६ मध्ये तो पश्चिमेकडील वॉशिंग्टन राज्यातही सापडला.

माणसाला या बुरशीपासून आजार होत नाही, पण तिचे बीजाणू माणसाच्या बुटांच्या खाचांत, कापडाच्या शिवणीत, दोरीत आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्यात चिकटून दीर्घकाळ जिवंत राहू शकतात. एका गुहेतून दुसऱ्या दूरच्या गुहेत ते वटवाघळाच्या पंखांनी जायला काही वर्षे लागतील, तेच विमानाने प्रवास करणाऱ्या पर्यटकाच्या बुटांबरोबर एका दिवसात जाऊ शकतात. तुमच्या पत्नीचे बूट बहुधा निर्दोषच असतील; परंतु ते डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि एकदा गुहेत शिरलेली बुरशी तेथून काढून टाकण्याचा खात्रीचा उपाय अजून हाती नाही. एका कुटुंबाच्या पाच मिनिटांच्या गैरसोयीपेक्षा हे नुकसान फार मोठे आहे.

ज्यांना एकाच प्रवासात अनेक गुहा पाहायच्या आहेत त्यांनी गुहेसाठी वेगळे, साधे कपडे आणि धुता येणारे बूट ठेवावेत. आधी घासून चिखल पूर्ण काढावा आणि मग ज्या वस्तूंना चालते त्या निदान ५५ अंश सेल्सियस गरम पाण्यात २० मिनिटे बुडवून ठेवाव्यात. मात्र रोगग्रस्त भागातील गुहेत वापरलेले सामान दुसऱ्या भागातील गुहेत धुऊनही नेऊ नये, हे अधिक सुरक्षित. हिवाळ्यात वटवाघळे आत असताना बऱ्याच गुहा बंद ठेवतात, हेही तारखा ठरवतानाच विचारून घ्यावे. गुहेत वटवाघळे दिसलीच, तर त्यांच्यावर प्रकाशझोत न टाकता आवाज न करता पुढे जावे.

प्रश्न : पायांत कोणते बूट असावेत, पाणी किती न्यावे, आणि होकायंत्र न्यावे का?

उत्तर : घोट्यापर्यंत येणारे, जाड व कडक तळव्याचे आणि आधी वापरून सैल झालेले बूट असावेत; आआ लाव्हावर मऊ तळव्याचे बूट लवकर फाटतात. काळा खडक ऊन शोषतो, सावली जवळजवळ नसते आणि वाटेत पाणी मिळेल असे गृहीत धरू नये, म्हणून नेहमीच्या चालण्यापेक्षा अधिक पाणी न्यावे आणि लांबचे चालणे सकाळीच उरकावे. लाव्हाच्या पातळ, पोकळ फुगवट्यांवर पाय देऊ नये, ते आत मोडतात. होकायंत्रावर विसंबू नये. बेसाल्टात लोहयुक्त चुंबकीय खनिज असते आणि खडकाजवळ धरलेली सुई भरकटू शकते. उपग्रहाधारित दिशादर्शकाला ही अडचण येत नाही, तरीही आखलेली वाट सोडू नये हेच उत्तम, कारण लाव्हाच्या मैदानात सगळ्या दिशा सारख्या दिसतात.

प्रश्न : मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. लाव्हाचे मैदान पूर्णपणे निर्जीव असते असे प्रवासवर्णनांत वारंवार वाचले आहे. हे खरे आहे का?

उत्तर : मुळीच नाही, आणि हे वाक्य छापले जाणे थांबावे असे मला मनापासून वाटते. लाव्हा निवला, की काही वर्षांतच त्यावर दगडफूल आणि शेवाळ येऊ लागते. हवाईत भेगांमध्ये आधी नेचे दिसतात आणि मग ओहिया लेहुआ हा लाल फुलांचा वृक्ष मूळ धरतो. मातीचा पत्ताही नसलेल्या कातळावर तो उभा राहिलेला पाहणे हा विलक्षण अनुभव असतो. ‘क्रेटर्स ऑफ द मून’ येथील राखेरी खड्यांवर बुटक्या बकव्हीटची पांढुरकी झुडपे एकमेकांपासून इतकी सारख्या अंतरावर असतात, की कोणीतरी लावली असावीत असे वाटते. कारण त्यांच्या मुळांत आहे : जमिनीवर काही सेंटीमीटर उंच असलेल्या झुडपाची मुळे खाली चहूकडे पसरून थोडेसे पाणी गोळा करतात आणि शेजारी दुसऱ्याला जागा उरत नाही.

उंदाराच्या उदाहरणाने विद्यार्थ्यांना भूरचना आणि सजीव यांचे नाते चांगले समजावता येईल. सुमारे १,९०,००० वर्षांपूर्वीच्या त्या नळीचे छत जेथे जेथे कोसळले, तेथे खोल, सावलीचे आणि ओलावा धरणारे खड्डे झाले. आजूबाजूला कोरडे, विरळ झाडीचे माळरान असताना त्या खड्ड्यांत दाट वेलींचे रान माजले आहे. त्यामुळे आकाशातून पाहिले असता जमिनीखालच्या नळीचा मार्ग हिरव्या पट्ट्यांनी आखलेला दिसतो.

गुहांच्या आत तर आणखी आश्चर्य आहे. इतक्या तरुण गुहांत खास गुहेतील जीवनाला जुळवून घेतलेले प्राणी असणे शक्य नाही, असे पूर्वी मानले जात होते. १९७१ मध्ये कीटकशास्त्रज्ञ फ्रान्सिस हॉवर्थ यांना हवाईतील लाव्हाच्या गुहांत डोळे नाहीसे झालेले, रंगहीन कीटक सापडले आणि ती समजूत मोडली. वरच्या ओहिया वृक्षांची मुळे छतातून खाली लोंबतात, त्यांच्या रसावर काही कीटक जगतात आणि त्यांच्यावर शिकारी कोळी जगतात. म्हणून छतातून लोंबणारी मुळे बाजूला सारू नयेत किंवा ओढू नयेत. त्या संपूर्ण अन्नसाखळीचा तोच आधार आहे. भिंतींवर कधी सोनेरी किंवा रुपेरी चमक दिसते, ती धातूची नसते. ते जिवाणूंचे थर असतात आणि त्यांच्यावर टिपलेले पाण्याचे थेंब दिव्याच्या प्रकाशात चमकतात. बोट लावून पाहण्याचा मोह मुलांना होतो, तेवढा त्यांना आधीच सांगून टाळावा.

आइसलँडमध्ये १७८३–८४ च्या लाकी उद्रेकातून पसरलेला लाव्हा आज जाड, राखाडी-हिरव्या शेवाळाने मढलेला आहे. त्यावर पाय ठेवावासा वाटतो, पण ते फार सावकाश वाढते आणि पावलांनी उखडलेला चट्टा कित्येक वर्षे भरून येत नाही. चालायचे असेल तर उघड्या कातळावरून किंवा आखलेल्या वाटेनेच चालावे.

प्रश्न : लाव्हाचा एखादा लहान खडा आठवण म्हणून आणला तर काय बिघडते? असे खडे तर कोट्यवधी आहेत.

उत्तर : राष्ट्रीय उद्यानांतून खडक उचलणे बहुतेक ठिकाणी कायद्याने मना आहे, आणि तेवढे कारण पुरेसे व्हावे. शिवाय लोक कोणताही खडा उचलत नाहीत. पिळाचा, चमकदार, वाटेजवळचा आणि सुंदर तोच उचलतात, त्यामुळे वाटेच्या दुतर्फा असे नमुने हळूहळू नाहीसे होतात. हवाईत तर पेले या ज्वालामुखीच्या देवतेचा तो देह आहे अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. नेलेले खडे पर्यटक पुढे टपालाने परत पाठवतात. परंतु तो खडा मुळात कोठे होता हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून परत पाठवल्यानेही झालेले नुकसान भरून निघत नाही. छायाचित्र काढताना शेजारी पेन किंवा नाणे ठेवावे, म्हणजे आकाराचा अंदाज राहतो. खडकांचे दगड रचून छोटे मनोरे करण्याची अलीकडची रीतही सोडावी, कारण तशा मनोऱ्यांनी वाट दाखवली जाते आणि खोट्या मनोऱ्याने एखादा माणूस भलतीकडे जाऊ शकतो.

प्रश्न : प्रत्यक्ष उद्रेक सुरू असलेला, वाहता लाव्हा पाहायला जावे का?

उत्तर : जेथे प्रशासनाने पाहण्याची जागा ठरवून दिली आहे आणि ती त्या दिवशी खुली आहे, तेथे जरूर जावे. त्या मर्यादेपलीकडे मात्र जाऊ नये.

वाहता लाव्हा सावकाश येताना दिसतो, त्यामुळे त्याच्यापासून पळता येईल असे वाटते. परंतु खरा धोका त्याच्या आसपास असतो. आइसलँडमध्ये १९ मार्च २०२१ रोजी फाग्रादाल्सफ्यात्ल येथे उद्रेक सुरू झाला आणि हजारो लोक डोंगर चढून तो पाहायला गेले. ५ एप्रिलला मूळ जागेपासून काही अंतरावर जमिनीला नव्या भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि लोकांना घाईने हलवावे लागले. तेथे वारा पडला, की सल्फर डायऑक्साइड आणि इतर वायू सखल भागात साचत. लहान मुलांचे नाक जमिनीच्या अधिक जवळ असते, म्हणून त्यांना तेथे नेऊ नये. दम्याच्या रुग्णांनी आणि गर्भवती स्त्रियांनीही दूर राहावे. धूळ अडवणारा साधा मास्क वायूंना अडवत नाही.

समुद्राला मिळणारा लाव्हा लांबून मनोहर दिसतो. पण उकळत्या समुद्राच्या वाफेत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेचे बारीक कण असतात, आणि काठावर नव्याने तयार झालेली जमीन सूचना न देता समुद्रात कोसळते. २०१८ मध्ये हवाईत अशा ठिकाणी झालेल्या स्फोटातून उडालेला लाव्हाचा तुकडा प्रवासी बोटीच्या छतातून आत पडून २३ जण जखमी झाले होते. न्यूझीलंडच्या व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर तर वाहता लाव्हा दिसतही नव्हता. ९ डिसेंबर २०१९ रोजी तेथे वाफेचा स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ जण होते, त्यांपैकी २२ जणांचा मृत्यू झाला.

नुकत्याच थिजलेल्या कवचावर चढून छायाचित्र काढून घेणे हा प्रकार अलीकडे वाढला आहे. वरून काळे आणि कठीण दिसणारे कवच काही सेंटीमीटरच जाड असू शकते आणि त्याखालचा लाव्हा हजार अंशांहून तप्त असतो. तेथे पाय आत गेला तर मदतीला येणारा माणूसही जवळ पोहोचू शकत नाही.

जाण्याच्या दिवशी सकाळी त्या देशाच्या हवामान किंवा भूगर्भ विभागाने दिलेली वायूंची आणि वाऱ्याची सूचना वाचावी, लाव्हा पाहताना वारा पाठीवर येईल अशी उंच जागा निवडावी, आणि वाफेचा लोट आपल्याकडे वळल्यास लगेच तेथून निघावे. हवाईतील किलाउएआ ज्वालामुखीच्या मुख्य विवरात लाव्हा असतो तेव्हा तो कड्यावरच्या ठरवलेल्या जागांवरून सुरक्षित अंतराने पाहता येतो, आणि अंधार पडल्यावर त्याची लाली दिवसापेक्षा पुष्कळ स्पष्ट दिसते. परतीच्या वाटेसाठी त्या वेळी दिवा बरोबर असावा.